चार फोन आणि एक अंगठा

माझा जुना फोन बिघडला नव्हता, हे आधी नोंदवून ठेवते. त्याची काच शाबूत होती, बॅटरी संध्याकाळपर्यंत तग धरत होती आणि मागच्या बाजूचा एक ओरखडा सोडला, तर तक्रार करावी असे त्यात काही नव्हते. फक्त तीन वर्षांनंतर त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणे थांबले होते, आणि पाचव्या वर्षी एका सकाळी बँकेचे अ‍ॅप उघडले, तर ‘आपल्या फोनवरील प्रणाली जुनी झाल्यामुळे हे अ‍ॅप यापुढे चालणार नाही’ अशा अर्थाची सूचना समोर आली. धडधाकट वस्तू केवळ कागदोपत्री म्हातारी झाली म्हणून टाकून द्यावी लागते, याचा मला राग आला, आणि या खेपेला फोन घेताना अजिबात घाई करायची नाही, हे त्या रागातच ठरले.

सुरुवातीचे दोन आठवडे तुलनेचे तक्ते वाचण्यात गेले. तक्त्यांत सगळे असते. कोणत्या फोनच्या बॅटरीची क्षमता किती एमएएच, पडदा किती इंचांचा, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे सगळे शेजारीशेजारी मांडलेले असते. तरीही शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचल्यावर मी जिथून निघाले तिथेच उभी असे, कारण मला पडणारे प्रश्न त्या तक्त्यांत नव्हतेच. एका हातात पिशवी असताना दुसऱ्या हाताने फोन उचलून उत्तर देता येते का? ओल्या बोटाने तो उघडतो का? पलंगावर उताणे पडून अर्धा तास वाचले, तर मनगट दुखते का? म्हणून मग मी माणसांकडे वळले. चुलतभावाने नुकताच नवा फोन घेतला होता, त्याचा आधीचा रिकामा होता. एका सहकाऱ्याकडे एक जादाचा होता. मैत्रिणीने सुटीवर जाताना तिचा आयफोन माझ्या हवाली केला. आणि चौथा बहिणीचा, जो तिला लहान वाटला म्हणून कपाटात पडून होता. प्रत्येक फोन दहा दिवस वापरायचा, स्वतःचे सिम घालून, रोजची सगळी कामे त्याच्यावरच करून, असे मी ठरवले. पहिले दोन दिवस हिशेबात धरायचे नाहीत, कारण त्या दिवसांत बोलत असते ती नवलाई, असाही नियम करून टाकला.

यांपैकी दोन फोनांची नावे मी घेणार नाही. त्यांच्यात मला जी उणी दिसली, ती कदाचित माझ्या हाती आलेल्या त्या एका नगाची असतील, आणि उसन्या फोनाच्या भरवशावर कंपनीला दोष देणे मला रास्त वाटत नाही. घरात आम्ही त्यांना थोरला आणि मधला म्हणत होतो. थोरला म्हणजे पावणेसात इंचांच्या पुढचा, सगळ्यांत महागड्या वर्गातला. मधला आकाराने जवळजवळ तेवढाच, पण मध्यम वर्गातला, मोठ्या बॅटरीचा. तिसरा २०२३ चा आयफोन १५. चौथा, म्हणजे धाकटा, सॅमसंगचा गॅलॅक्सी एस२४, जो जानेवारी २०२४ मध्ये बाजारात आला. त्यानंतर नव्या पिढ्या आल्या आहेत, त्यामुळे कोणाला ही चर्चा शिळी वाटू शकेल. परंतु फोन निवडताना ज्या गोष्टी आड येतात, त्या काही पिढीगणिक बदलत नाहीत.

वजनापासून सुरुवात करते, कारण माझा पहिला अंदाज तिथेच चुकला. कागदावर धाकट्याचे १६७ ग्रॅम आणि थोरल्याचे २३० ग्रॅम यांतला फरक मला क्षुल्लक वाटला होता. मग एका रविवारी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि चारही फोन जसे वापरतो तसे, म्हणजे मागचे कव्हर आणि पुढची संरक्षक काच यांसह, एकेक करून त्यावर ठेवले. थोरल्याचा आकडा २८० च्या पुढे गेला. कंपन्या सांगतात ते वजन उघड्या फोनचे असते, आणि उघडा फोन वापरणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. शिवाय हा भार सबंध हातावर पडत नाही. बारकाईने पाहिले, तर बहुतेक जण फोनची खालची कड करंगळीवर टेकवतात, तीन बोटे मागे लावतात आणि अंगठा मोकळा ठेवतात. म्हणजे पाव किलोहून जास्त ओझे रोज दोन-तीन तास एका करंगळीच्या पेरावर असते. आठव्या दिवशी त्या पेरावर एक लालसर खळगा दिसू लागला आणि थोरल्याविषयीचा माझा उत्साह तिथे थोडा खचला.

अंगठ्याचेही तसेच. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंचांचा आणि वजन १३५ ग्रॅम होते. २०११ मध्ये ५.३ इंचांचा गॅलॅक्सी नोट आला, तेव्हा एवढे अवाढव्य धूड कानाला कोण लावणार, म्हणून लोक हसले होते. आज ६.२ इंचांच्या फोनला आपण ‘छोटा’ म्हणतो. अर्थात कडांच्या चौकटी आक्रसल्यामुळे पडदा वाढला तरी अंग तेवढे वाढलेले नाही, हे खरे. पण हात मात्र पूर्वीएवढेच राहिले आहेत. थोरल्यावर आणि मधल्यावर वरच्या डाव्या कोपऱ्यातील चिन्हापर्यंत माझा अंगठा पोहोचत नसे, म्हणून मी नकळत फोन तळव्यात वर सरकवून घेई आणि त्या सरकवण्यात तो दोनदा निसटला. एकदा गादीवर पडला आणि एकदा थेट नाकावर. एका हाताने वापरण्यासाठी पडदा खाली ओढून घेण्याची सोय बहुतेक फोनांत असते, हे मला ठाऊक आहे. पण जी सोय रोज वापरावी लागते, ती माझ्या मते मूळच्या गैरसोयीची कबुलीच असते.

मोठ्या पडद्याची बाजूही सांगायला हवी. देवनागरीत लिहिणाऱ्याला रुंद कळफलक हे सुख असते. एकाच पडद्यावर स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे बसवायची म्हटल्यावर कळी चिंचोळ्या होतात, आणि धाकट्यावर माझ्या हातून पहिले कित्येक दिवस ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ आणि ‘ल’ च्या जागी ‘ळ’ पडत होता. थोरल्यावर मी दोन्ही अंगठ्यांनी सहज लिहीत असे. सबंध दिवस फोनवर लेखन करणाऱ्याने या एका कारणासाठी मोठा फोन घेतला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

पडद्यांच्या गुणवत्तेत मात्र मला वाटले होते तेवढे अंतर आढळले नाही. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १२० हर्ट्झचा ८.३ मिलिसेकंदांनी. साध्या पडद्यावरून वेगवान पडद्यावर जाताना हा फरक फारसा कळत नाही. उलट दिशेने येताना कळतो, आणि दोन दिवसांत डोळे तोही विसरतात. आयफोन १५ चा पडदा ६० हर्ट्झचा आहे, बाकी तिघांचे १२० चे होते, आणि तिसऱ्या दिवसापासून याची आठवण करून द्यायला मला तक्ताच लागला. उन्हातला अनुभव वेगळा होता. ‘निट्स’चे, म्हणजे पडद्याच्या उजेडाच्या मापाचे, मोठमोठे आकडे जाहिरातींत असतात, ते पडद्याच्या लहानशा भागापुरते आणि थोड्या वेळापुरते मिळणाऱ्या कमाल उजेडाचे असतात. मी दुपारच्या उन्हात नकाशा उघडून चालत असताना मधला आठ-दहा मिनिटांत तापला आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्याने पडदा इतका मंद केला, की नेमक्या वळणावर मला हाताची सावली करून नकाशा वाचावा लागला. यंत्राने असे करणे योग्यच आहे, कारण उष्णता बॅटरीची शत्रू असते. पण कमाल उजेड किती, यापेक्षा तो किती वेळ टिकतो, हा प्रश्न विचारायला हवा, एवढे मी त्या वळणावर शिकले.

मधल्यावर माझा खरा रोष बसला तो वेगळ्याच कारणाने. फोन कानाला लावला, की पडदा आपोआप बंद व्हावा, यासाठी वरच्या बाजूला एक छोटा संवेदक असतो. तो अवरक्त प्रकाश पाठवतो आणि गालावरून परतलेल्या प्रकाशावरून अंतर ओळखतो. काही फोनांत हा वेगळा भाग वगळून तेच काम ध्वनिलहरी आणि फोनच्या हालचाली यांवरून अंदाजाने करवून घेतात. मधला त्यांपैकी होता. आईशी बोलत असताना माझ्या गालाने आवाज बंद करण्याचे बटण दाबले जाई, आणि ती पलीकडून ‘अगं, आहेस का? ऐकू येतंय का तुला?’ असे विचारत राही, तर मी अलीकडून तिला बाजाराची सबंध हकिकत सांगत असे. दहा दिवसांत हे पाच वेळा झाले. कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात या संवेदकासाठी रकाना पाहिल्याचे मला आठवत नाही. फोनवर बोलण्यासाठीच फोन घेतो, ही गोष्ट तक्ते करणारे बहुधा विसरून गेले आहेत.

बॅटरीवर थोडे सविस्तर लिहिते, कारण गैरसमज इथे सर्वांत जास्त आहेत. एमएएचचा आकडा हा टाकीचा आकार. गाडी किती पळेल, हे इंजिनावर आणि रस्त्यावरही ठरते. सिग्नल क्षीण असेल, तर फोन मनोऱ्याशी बोलण्यासाठी जास्त ताकदीने ओरडतो आणि टाकी भराभर रिकामी होते. मी ज्या इमारतीत काम करते तिथल्या तळमजल्यावर सिग्नल कसाबसा येतो. तिथे बसून काम केले, त्या दिवशी चारही फोनांनी संध्याकाळी सारखीच मान टाकली. एरवी मधला दीड दिवस सहज चालत असे आणि ही त्याची जमेची बाजू मी मोकळेपणाने मान्य करते. एस२४ ची बॅटरी ४००० एमएएचची, म्हणजे आजच्या मानाने बेताचीच आहे, आणि त्याला रोज रात्री चार्जिंगला लावावे लागते. मी तसे कोणत्याही फोनला लावतेच, म्हणून या हिशेबात मी त्याचे गुण कापले नाहीत.

जलद चार्जिंगचा मोह मात्र मला झाला होता. मधल्याला अर्ध्या तासात बरीच मजल मारता येत असे. पण लिथियम-आयन बॅटरी सुरुवातीला भराभर विद्युतप्रवाह घेते आणि भरत आली, की तिच्यावरील विद्युतदाब मर्यादेत ठेवण्यासाठी प्रवाह कमी कमी करावा लागतो. म्हणून पन्नास टक्क्यांपर्यंतचा वेग पाहून पूर्ण भरण्याचा वेळ काढला, तर गणित चुकते. दुसरी गोष्ट आयुष्याची. अ‍ॅपलने आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनांसाठी ५०० पूर्ण आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के बॅटरी राहील, असे गणित सांगितले होते, आणि आयफोन १५ साठी हाच आकडा २०२४ मध्ये १००० आवर्तनांवर नेला. आवर्तन म्हणजे एकदा केबल लावणे नव्हे. आज साठ टक्के आणि उद्या चाळीस टक्के वापरले, की एक आवर्तन होते. बॅटरी सतत काठोकाठ भरलेली आणि गरम राहिली, तर ती लवकर थकते, म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आता अनेक फोनांत देतात. पाच-सहा वर्षे फोन वापरायचा असेल, तर ही सोय मला जलद चार्जिंगपेक्षा मोलाची वाटते.

आता कॅमेरा. माझ्याकडे छायाचित्रणाचे शिक्षण नाही, पण माझ्याकडे एक काळी मांजर आहे. तिचे नाव शाई. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ती गडद निळ्या रजईवर झोपते, आणि फोनच्या कॅमेऱ्यासाठी याहून कठीण परीक्षा मला सुचली नाही. फोन एक चित्र टिपत नाही. बटण दाबण्याच्या आगेमागे तो अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो, त्यांतला कण-कण दिसणारा गोंधळ पुसतो आणि उजेड सावरतो. मोठ्या आकड्यांचेही तसेच आहे. ५० मेगापिक्सेलचा संवेदक एरवी चार-चार ठिपक्यांचा एक ठिपका करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो, आणि २०० मेगापिक्सेलचा सोळा-सोळांचा एक करून जवळपास तेवढेच. त्यामुळे आकड्यांची शर्यत तिथेच संपते. खरा प्रश्न उरतो तो पुसण्याचा. मधल्याने पुसता पुसता शाईचे केसही पुसले. रजईवर डांबराचा गोळा ठेवल्यासारखे चित्र आले, ज्याला दोन पिवळे डोळे होते. त्याच्या मागे तीन भिंगे होती खरी, पण त्यांतले एक २ मेगापिक्सेलचे, केवळ संख्या भरून काढण्यासाठी बसवलेले होते. आयफोनने अंधाराला अंधारच राहू दिला, आणि मला ते आवडले. शिवाय चालत्या-पळत्या मांजरीची चित्रफीत त्याच्याइतकी स्थिर दुसऱ्या कोणी घेतली नाही. धाकट्याने चांगले काम केले, पण शाई उठून चालू लागली, की दहातली चार छायाचित्रे हलत. थोरला या बाबतीत सगळ्यांच्या वरचढ होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून, तिची झोप न मोडता, दूरच्या भिंगाने त्याने घेतलेल्या एका छायाचित्रात तिची एकेक मिशी मोजता येते.

आयफोनविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण तो नाकारताना मला त्याच्यात खोड काढता आली नाही. तो अंधारात चेहरा ओळखून उघडतो, कारण त्याचा संवेदक अवरक्त प्रकाशाचे ३०,००० हून अधिक अदृश्य ठिपके चेहऱ्यावर टाकून त्याची घडण वाचतो. यूएसबी-सी आल्यामुळे घरातली केबलही चालली. वजन १७१ ग्रॅम, म्हणजे करंगळीला सोसवणारे. अडले ते माझ्या सवयीपाशी. अँड्रॉइडमध्ये पडद्याच्या कोणत्याही बाजूच्या कडेवरून अंगठा आत ओढला, की मागे जाता येते. आयफोनवर ते डाव्या कडेवरून होते. माझा उजवा अंगठा दहा दिवस उजव्या कडेवर घासत राहिला आणि काहीच होईना. उपाय ठाऊक होता, पण बोटांना तो पटेना. वयाची पंचविशी असती, तर मी कदाचित बोटांना वळण लावले असते. दोष फोनचा नाही, हे स्पष्ट आहे. आणि ज्याने सुरुवातच आयफोनने केली, त्याला माझा धाकटा तितकाच आडमुठा वाटेल.

शेवटचा विचार मी अपडेटांचा केला, खरे तर तो पहिला असायला हवा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ या फोनसोबत सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले आणि तीन महिन्यांनी सॅमसंगने एस२४ साठी तेच आश्वासन दिले. म्हणजे धाकट्याला २०३१ च्या सुरुवातीपर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळायला हवेत. मधल्याचे आश्वासन याच्या निम्म्याहूनही कमी होते. सात वर्षांनी त्या फोनची बॅटरी बदलावी लागेल आणि तो मंदही वाटेल, हे मी गृहीत धरते. पण सुस्थितीतला फोन हातात असताना बँकेने दार लावून घेण्याची वेळ निदान लवकर येणार नाही.

तर मी धाकटा निवडला. कॅमेरा, बॅटरी यांसारख्या कोणत्याही मोठ्या कसोटीत तो पहिला आला नाही, ही गंमत लिहिता लिहिताच माझ्या ध्यानात आली. कॅमेऱ्यात थोरला पुढे, बॅटरीत मधला पुढे, चित्रफितीत आयफोन पुढे. पण ओल्या बोटाने तो उघडत होता, कारण त्याचा ठसा ओळखणारा संवेदक प्रकाशाऐवजी श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालतो आणि पाण्याच्या थेंबाने तो सहसा गोंधळत नाही. आईशी बोलताना माझा आवाज एकदाही बंद पडला नाही. आणि पलंगावर पडून वाचताना तो हातात आहे, याचा मला विसर पडत असे. दिवसातून शंभर वेळा करायच्या कामांत तो कुठे आड आला नाही. बहिणीने रास्त हिशेब करून तो मला दिला आणि त्याच संध्याकाळी मी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावून टाकली.

थोरला परत करायला गेले, तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, “ताई, एवढा कॅमेरा सोडून तू तो चिमुकला घेतलास?” मी त्याला करंगळी दाखवली. खळगा तोवर भरून आला होता, त्यामुळे त्याला काहीच दिसले नाही. धाकट्याच्या पडद्यावर मात्र आजही थोरल्याने काढलेले शाईचे ते मिशांचे छायाचित्रच आहे.